या सभागृहाचे मत

"चहा आत्ता नको, कृष्णात. कपांचा आवाज होतो. अंतिम फेरीतल्या दोघांची भाषणं होऊ देत," वादविवाद स्पर्धेचं बघणारे विश्वजीत सर सभागृहाच्या दारापर्यंत येऊन दबक्या आवाजात म्हणाले आणि परत पहिल्या रांगेत जाऊन बसले. कृष्णात ट्रे घेऊन दाराशीच उभा राहिला.

सांगलीच्या या कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर म्हणून अठ्ठावीस वर्षं काढलेल्या माणसाला उभं कसं राहायचं हे शिकवावं लागत नाही. पण आज त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. समोर व्यासपीठावर, हिरव्या कापडावर करंडक ठेवलेला होता. हातभर उंच, पितळी, खाली लाकडी बैठक आणि बैठकीवर पट्टी: 'कै. शिवांजली कृष्णात जगदाळे स्मृती फिरता करंडक'.

शिवांजली ही त्याची एकुलती पोरगी. याच कॉलेजात पहिल्या वर्षाला होती आणि वादात भल्याभल्यांची बोलती बंद करायची. सहा वर्षांपूर्वी चार दिवस ताप आला आणि गेली. अठरा वर्षं चार महिन्यांची. कृष्णातनं फंडातून रक्कम उचलली आणि हा करंडक कॉलेजला दिला. माणसं आईबापाच्या नावानं देवळाला पायऱ्या बांधतात, त्यानं लेकीच्या नावानं हे केलं. वर्षातून एकदा दोनशे माणसांत, माइकवरून पोरीचं नाव घेतलं जावं, एवढीच त्याची हाव.

आणि तेच आज जायला बसलं होतं. फिरत्या करंडकाला एक नियम असतो: सलग तीन वर्षं जो संघ जिंकेल, त्याचा तो कायमचा. देणगीपत्र टाइप करताना ऑफिसातल्या क्लार्कनं नेहमीचा मजकूर म्हणून तेही कलम टाकलं आणि कृष्णातनं न वाचता सही केली. लेक जाऊन महिना झालेला माणूस कलमं कसली वाचतो? साताऱ्याच्या कॉलेजनं मागची दोन वर्षं करंडक मारला होता. आज तिसरं वर्ष. एका क्लासवाल्यानं आपल्या नावाचा नवा करंडक द्यायचं कबूलही करून टाकलं होतं. "तुझा गेला तरी कपाट रिकामं राहायचं नाही रे," असं विश्वजीत सर परवा हसत हसत म्हणाले. आपण काय बोललो हे त्या माणसाला कळलं असेल तर शपथ.

विषय होता, 'या सभागृहाचे मत आहे की वास्तव हा निव्वळ आभास आहे'. फळ्यावर तो लिहिलेला पाहून कृष्णात सकाळी शिपायाला म्हणाला होता, "च्यायला, आपुन हाय का न्हाई ह्येच्यावर भांडणार ही पोरं. मग दोनशे चहा कुणासाठी सांगितल्यात?"

आता सगळी भिस्त ऋचावर होती. ती याच कॉलेजची, विषयाच्या विरुद्ध बोलणारी. पोरगी अभ्यासू, पण घाबरट. दोनदा पाणी प्याली. विश्वाचं वय तेराशे ऐंशी कोटी वर्षं आहे, म्हणाली. तेव्हाचा जुना प्रकाश अजून आपल्यापर्यंत येतोय आणि तो आपण यंत्रानं मोजलाय. जे मोजता येतं ते खोटं कसं म्हणायचं?

'मोजलाय' हा शब्द कृष्णातला बरा वाटला. तीन वेळा मोजा आणि सरासरी काढा, हे त्यानं जन्मभर ऐकलेलं. पण लगेच मनात दुसरंच आलं. तेराशे ऐंशी कोटी वर्षं पडलीयत आणि त्यातली माझ्या पोरीला अठरा. वाटप करणाऱ्याच्या घरी असा काय दुष्काळ पडला होता?

मग साताऱ्याचा अनीश उठला. बाह्या दुमडलेल्या, हातात कागद नाही.

"ऋचा म्हणते, विश्व फार जुनं आहे," तो म्हणाला. "मोबाइलवरचा एखादा खेळ उघडा. त्यात किल्ला असतो. भिंतीला तडे, दगडावर शेवाळ. चारशे वर्षांचा वाटतो. बांधला कधी? गेल्या महिन्यात, कुणीतरी खुर्चीत बसून. वयसुद्धा लिहिता येतं मित्रांनो. आपलंही कुणीतरी लिहिलेलं असेल. जन्म ही एक ओळ आणि मरण म्हणजे ती ओळ पुसणं. पुसलेल्या ओळीसाठी कागद रडतो का?"

टाळ्या वाजल्या. कृष्णातच्या हातातला ट्रे जड झाला. पोरगं तयारीचं होतं, नाही कशाला म्हणा. शिवांजली असती तर तिनं याला इथंच धरला असता, असं त्याला वाटलं आणि डोळे भरून आले. ट्रे धरलेल्या माणसाला डोळेही पुसता येत नाहीत.

"प्रेक्षकांतून एक प्रश्न घेऊ," परीक्षक म्हणाले.

शेवटच्या रांगेतून हात वर झाला. कृष्णातनं पाहिलं. ती अंबूबाई होती, त्याची बायको. दरवर्षी या दिवशी ती तासगावजवळच्या त्यांच्या गावातून सकाळच्या एसटीनं यायची, मागं बसायची, लेकीचं नाव ऐकायची आणि परत जायची. सहा वर्षांत कधी तोंड उघडलं नव्हतं. त्यानं मान हलवून नको नको केलं, पण तिचं लक्ष अनीशकडे होतं.

"बाळा," ती उभी राहून म्हणाली, "ह्ये समदं खोटं आसंल, तर माणूस गेल्यावर आमी रडलो, त्ये काय मग?"

पोरं फिसफिसली. अनीश हसणं थांबेपर्यंत थांबला. ती कला त्याला येत होती.

"मावशी, तुमचं रडणं मी खोटं म्हणत नाही. पण माणूस स्वप्नातही रडतो. सकाळी उशी ओली असते. उशी ओली आहे म्हणून स्वप्न खरं ठरतं का?"

सभागृह टाळ्यांनी दणाणलं. एका परीक्षकानं मान डोलावत कागदावर काहीतरी लिहिलं. अंबूबाई तशीच उभी होती. शेजारच्या मुलीनं पदर ओढून तिला खाली बसवलं.

निकाल अर्ध्या गुणानं लागला. "दोन्ही भाषणं तोडीस तोड होती," परीक्षक म्हणाले, "पण श्रोत्यांच्या प्रश्नाला अनीशने जे हजरजबाबी उत्तर दिलं, तिथे पारडं झुकलं." करंडक कायमचा साताऱ्याला गेला. निवेदकाला घाई होती, तो 'जगदाळे करंडक' एवढंच म्हणाला. फोटोच्या वेळी विश्वजीत सरांनी कृष्णातला ट्रे घेऊन बाजूला व्हायला सांगितलं आणि तो झाला.

सभागृहामागच्या नळावर तो कप विसळायला बसला तेव्हा अंबूबाई आली आणि शेजारी बसून कप धुऊ लागली.

"तुला कुणी सांगितलं हुतं मदी बोलायला?" तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "सा वर्सं गप बसलीस आन आजच वाचा फुटली? अर्ध्या मार्कानं ग्येला. तुझ्या सवालानं घालवला."

"मी खरंच इचारलं त्येला," ती म्हणाली. "त्येला मार्क आसत्यात व्हय?"

तेवढ्यात अनीश करंडक काखेत मारून आला. "काका, एखादी पिशवी मिळेल का? बसमध्ये न्यायला बरं पडेल."

कृष्णातनं हात पुसले, खुंटीवरची आपली कापडी पिशवी काढली, डबा बाहेर ठेवला आणि करंडक नीट उभा राहील असा आत बसवला. करंडक आत जाता जाता अनीशनं पट्टीवरचं नाव वाचलं आणि पिशवी हातात घेतली. फोटोच्या वेळी सरांनी कृष्णात म्हणून मारलेली हाक त्यानं ऐकली असावी. त्यानं एकदा कृष्णातकडे पाहिलं, मग नळावर बसलेल्या बाईकडे.

"शिवांजली तुमची..."

"व्हय."

पोराचा चेहरा उतरला. "काका, मला ठाऊक नव्हतं. आम्ही बाजू चिठ्ठीवर घेतो. माझ्या वाट्याला ती आली म्हणून तसं बोललो."

"मग तुला सोताला काय वाटतं? जग खरं हाय का खोटं?"

अनीश गडबडला. "तसा मी विचारच केला नाही कधी," तो म्हणाला. मग पिशवी पुढं करत, "तुम्हीच ठेवा हा."

क्षणभर कृष्णातचा हात पुढं झाला. मग त्यानं तो मागं घेतला. "न्हाई बाबा. नियम हाय आन खाली माझी सही हाय. तू जितलाईस, तू ने. फकस्त बसमधी खाली ठेवू नगंस, मांडीवर घे."

अनीश मान खाली घालून गेला. फाटकाबाहेर त्याच्या कॉलेजची पोरं ओरडत होती, ती थोड्या वेळानं लांब गेली.

अंबूबाईनं नळ बंद केला. "आवं," ती म्हणाली, "सपान आसतं तर सकाळी जाग आली नसती का? सा वर्सं झाली. आपल्याला कुटं जाग आली?"

कृष्णात तिच्याकडे वळला. "ह्ये तवा का न्हाई बोललीस?"

"तवा सुचलं न्हाई," ती म्हणाली आणि पुढचा कप उचलला.