मोशीतला हळदीचा न्याय

मोशीच्या चावडीसमोर पाय ठेवायला जागा नव्हती. पोरं चिंचेच्या फांद्यांवर, बायका ओट्यावर, आणि मधोमध पाटावर केवलनाथ महाराज.

"आस्तिकाची हळद पिवळी, नास्तिकाची लाल!" महाराज गर्जले. "ज्याच्या पोटात पाप, त्याच्या तळव्यात रक्त!"

एकेक जण पुढे येई, तळव्याला हळद चोळून घेई, महाराज वरून तीर्थ ओतत. सोपानराव पाटलांची हळद पिवळीच राहिली. सख्ख्या भावाचा बांध कोरलेला माणूस, पण हळदीने त्याला माफ केलं! गाडीवाला चिमाजीही पिवळाच निघाला.

मग माझी पाळी. मी दुर्गाबाई, सरकारी दवाखान्यातली नर्स. गावातली निम्मी पोरं माझ्याच हातांवर जगात आली. पण मी देवळात जात नाही, म्हणून बारशाला मला ओसरीवरच चहा मिळायचा, आत पाळण्यापाशी नाही. वाईट वाटायचं हो, का नाही वाटणार? त्या दिवशी मात्र मामला चहाचा नव्हता. छबूबाईंची सून कौशल्या, तिचे दिवस भरत आले होते आणि मूल पोटात आडवं होतं. मी तिला पुण्याच्या इस्पितळात न्यायचं ठरवलं होतं. महाराज म्हणाले, "अंगारा लावा, मूल आपोआप सरळ होईल. नास्तिक बाईचा हात लागू देऊ नका." तिकडे पिंपरीत पेनिसिलिन तयार व्हायला लागलं होतं आणि इकडे आमच्याकडे राखेने बाळंतपण!

महाराजांनी माझ्या हळदीवर तीर्थ ओतलं. तळवा लालभडक झाला.

"बघा, बघा!" गर्दी मागे सरली. छबूबाईंनी सुनेला आपल्या पाठीमागे ओढलं. "बाई, माझ्या सुनंला शिवू नगा तुमी."

तो शब्द वर्मी लागला. डोळे भरून आले, पण डोळे उघडे होते. इतरांना मोठ्या तांब्यातलं तीर्थ, मला मात्र मांडीमागच्या छोट्या गडव्यातलं.

"छबूबाई," मी विचारलं, "घरी कुंकू करता तेव्हा हळदीत काय घालता?"

"चुना की!" त्या सवयीने बोलून गेल्या आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

मी गडवा उचलला.

"भस्म होशील!" महाराज ओरडले.

"झाले तर तुमचाच अंगारा वाढेल," म्हणत मी ते पाणी पाटलांच्या पिवळ्या तळव्यावर ओतलं. पाटील जागच्या जागी नास्तिक झाले!

"अगं आई! मी तर रोज काकडआरतीला असतो की!" सोपानराव हात झटकायला लागले.

"घाबरू नका. ही चुन्याची निवळी आहे, उतारा महाराजांच्याच ताटात आहे." तिथलं लिंबू कापून मी दोघांच्या तळव्यांवर पिळलं. लाल गेलं, पिवळं आलं. "घ्या पाटील, अर्ध्या लिंबात आपण आस्तिक झालो!"

चिंचेवरची पोरं खदाखदा हसली.

"म्हाराज, तुमचाबी हात दावा की," चिमाजी म्हणाला. पण महाराजांना नेमकी तेव्हाच समाधीची निकड लागली. चाकणच्या रस्त्याने असे सुटले की खडावाही इथेच राहिल्या.

"चिमाजी, बघत काय बसलास?" छबूबाई ओरडल्या. "बैल जुंप! पोरीला पुण्याला न्यायचीय."

कौशल्येचं ऑपरेशन झालं. मुलगा झाला, दोघं सुखरूप.

तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी आपल्या स्वयंपाकघरात डोकावून या. आणि माणूस देव मानतो का, हे विचारण्याआधी तो अडीनडीला धावतो का, ते बघा.

बारशाला मी नेहमीसारखी ओसरीवर टेकले. छबूबाई तरातरा बाहेर आल्या.

"हितं का बसलाय?"

"आत पूजा चाललीय. मी काही..."

"देवाला नगा हात जोडू. कोन म्हनतंय जोडा म्हनून? पर पाळन्याची दोरी तर धरा! तुमच्यामुळं आलाय न्हवं त्यो?"

मनगट धरून त्यांनी मला आत नेलं. चहा त्या दिवशी मी पाळण्यापाशी बसून प्यायले.