दुखवट्यासाठी तहकूब

सभागृहाच्या दारात शिपाई कचरूने मला पाहिले आणि त्याच्या हातातला चहाचा ट्रे कपांसकट खाली गेला.

"अण्णा," तो म्हणाला, "तुम्ही तर वारलात ना?"

या प्रश्नाचे मी काही उत्तर द्यावे, अशी त्याची प्रामाणिक अपेक्षा दिसली. त्याच्या खांद्यावरून मी आत पाहिले. आम्हा नगरसेवकांच्या तसबिरी भिंतीवर एका ओळीत लावलेल्या असतात. त्या ओळीत आज एक खिळा रिकामा होता. तेथील तसबीर अध्यक्षांच्या टेबलावर, झेंडूच्या हारात, उदबत्तीच्या धुरामागे उभी होती. ती माझी होती.

सदस्य निघण्याच्या बेतात होते. मला पाहून कोणी उभे राहिले, कोणी पुन्हा बसले.

त्या सकाळी मी जालन्याला गेलो होतो. अंबड रस्त्यावरचे आमचे गाव गेल्या काही वर्षांत असे वाढले की बाजरीच्या शेतांत प्लॉट पडले, प्लॉटांवर दुमजली घरे चढली आणि ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली; पाणी मात्र जुन्या टाकीतलेच राहिले. भीमनगरात तर नळच नाही. त्या वस्तीसाठी जलवाहिनीची योजना मी भांडून भांडून शेवटच्या पायरीपर्यंत आणली होती. आजच्या सभेचा ठराव संध्याकाळच्या आत जालन्याला पोचला नाही, तर निधी दुसऱ्या गावाला जाणार होता. तांत्रिक मान्यता हातोहात घेण्यासाठी मी अभियंत्याच्या कक्षात बसलो होतो आणि तेथील शिस्तीप्रमाणे मोबाईल बंद ठेवला होता.

"चौकात बॅनर लागलंय, अण्णा," नगराध्यक्ष राधेश्याम म्हणाले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "हा इतका मोठा फोटो तुमचा, अन् वर भावपूर्ण श्रद्धांजली. कुणीतरी ग्रुपवर टाकलं. तुमचा फोन बंद. मंग काय समजायचं माणसानं?"

कोणीतरी मोबाईलवर ते छायाचित्र मोठे करून पाहिले. "अरे, खाली नाव तर काल वारलेल्या रामप्रसाद गुरुजींचं आहे! छापणाऱ्यानं फोटो चुकवला की."

"फोटो दिसल्यावर नाव कोण वाचतं?" दुसरा पुटपुटला.

"ठीक. मी जिवंत आहे. जलवाहिनीचा विषय घ्या," मी म्हणालो.

"घेणार कसा? सभा तहकूब झाली. तुमच्या दुखवट्यात."

मी मुख्याधिकाऱ्यांकडे वळलो. नव्या नोटिशीशिवाय तहकूब सभा भरवता येत नाही, असे त्यांनी मान खाली घालून सांगितले.

"मागं एक सदस्य वारले तेव्हा मी म्हणलो होतो, चार विषय उरकून घेऊ," राधेश्याम म्हणाले. "तेव्हा तुम्हीच भांडले. सभागृहाला लाज असेल तर एकही विषय घेणार न्हाई, म्हणाले. तुमचाच पायंडा आम्ही बराबर पाळला."

हायवेलगत राधेश्यामांचे स्वतःचे प्लॉटिंग आहे आणि जलवाहिनी तिकडे वळावी अशी त्यांची इच्छा कोणापासून लपलेली नाही. मला शंका आली. मी फोन सुरू करून घरी लावला.

"वंदना, घरी कोण आले होते?"

"कुणीच न्हाई. का हो?" माझी पत्नी म्हणाली. "सकाळपासनं दार उघडंच आहे. जेवायला येणार ना?"

मी फोन ठेवला. संतापाबरोबरच, खरे सांगायचे तर, वाद जिंकल्याचा आनंदही मला झाला होता.

"आमच्या गावात माणूस गेला," मी म्हणालो, "की निरोप पोचण्याआधी माणसे दारात पोचतात. बाहेर चपलांना जागा उरत नाही. आज माझ्या दारात एकही चप्पल आली नाही. म्हणजे मी मेलो, हे तुमच्यापैकी कोणालाही खरे वाटलेले नव्हते. तुम्ही ठरवून सभा बुडवली. मुख्याधिकारी, फसवून घेतलेल्या तहकुबीवर तक्रार करता येते?"

"येते, सर. जिल्हाधिकाऱ्यांकडे. आजच दिली तर निकाल लागेपर्यंत निधीही थांबवता येतो."

"दुखवट्याचा ठराव कोणी मांडला?"

"मी," मागून आवाज आला.

तो राजानंद होता. भीमनगरचा नगरसेवक, माझा मित्र, आणि ज्या नळासाठी हे सारे चालले होते त्या नळाचा पहिला हक्कदार. त्याचे डोळे सुजलेले होते.

"तुझ्याच वस्तीचे पाणी होते ना त्यात?"

"म्हाईत होतं, अण्णा. पण तुमचा फोटो खाली काढला अन् मला दुसरं काही सुचंनाच."

"आणि घरी? वंदना एकटी होती. दोन गल्ल्यांवर राहतोस तू."

"ग्रुपवर टाकलं ना मी. एवढं लिहिलं, बघा. मला वाटलं, बाकीचे गेले असतील."

मी इतरांकडे पाहिले. एकेकाने मान हलवली. प्रत्येकाला तसेच वाटले होते. राधेश्यामांनाही. त्यांच्या चेहऱ्यावर लबाडी शोधण्याचा मी कसून प्रयत्न केला. ती तेथे नव्हती. मी मेलो आहे यावर सगळ्यांचा पूर्ण विश्वास होता, आणि तरीही माझ्या घराकडे कोणी फिरकले नव्हते.

राजानंद जवळ आला. "तक्रार लिहा, अण्णा. लिहा की राजानंदला सगळं ठाऊक होतं."

"पण तुला ठाऊक नव्हते."

"न्हवतं. पण तसं लिहिलं न्हाई तर निधी थांबतो का?"

"तुझी नगरसेवकी जाईल. लोक काय म्हणतील, की मित्राला जिवंतपणी..."

"म्हणू द्या. आमच्या बायांना टँकरमागं कसं पळावं लागतं ते लोक पाहत न्हाईत रोज. लिहा."

माझे एकेक विधान मी आयुष्यभर पुराव्यानिशी केले आहे. मुख्याधिकाऱ्यांनी कागद पुढे सरकवला. 'ठरावाचे सूचक राजानंद यांना मी हयात असल्याचे पूर्ण ज्ञान होते,' असे मी लिहिले आणि थांबलो. वाक्य खोटे होते. तरीही ते लिहिताना मला हायसे वाटले, कारण मेलो समजूनही कोणी दारात आले नाही यापेक्षा हे खोटे सोसायला सोपे होते, आणि त्या हायसे वाटण्याने मी तसबिरीपेक्षाही अधिक हादरलो.

राजानंदने माझ्या खांद्यावरून वाचले. "बराबर आहे," तो म्हणाला. "आता सही करा लवकर. जालन्याची जीप सुटायलीय."