ओट्याची भिंत

घर विकायचं खूळ माझंच होतं. ते आधीच कबूल करते, म्हणजे पुढं कुणी म्हणायला नको की वैशाली सगळं नवऱ्यावर ढकलते. नांद्यातलं आमचं घर चार खोल्यांचं, पुढं ओटा, मागं परसात आंबा. आजूबाजूला टॉवर उठले, दिवसभर डंपर, ओट्यावर घटकाभर बसलं की दातांत धूळ कचकचते. मला हिंजवडीच्या बाजूला लिफ्टवाला फ्लॅट पाहिजे होता. दोन वर्षं मागं लागले, तेव्हा कुठं सोपान हो म्हणाला. घर दोघांच्या नावावर. विकायचं तर सह्या दोघांच्या लागणार, आणि माझी सही मी मनातल्या मनात कधीच करून टाकली होती.

सोपान म्हणजे माझा नवरा. एकवीस वर्षं मी त्याचं नाव उखाण्याशिवाय घेतलं नाही. आता सरळ घेते.

एजंटनं सायली नावाची पोरगी पाठवली. तिचं काम काय, तर विकायचं घर सजवून द्यायचं. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की त्याला वाटलं पाहिजे, आपण इथंच राहावं. याचेसुद्धा पैसे घेतात हे ऐकून मी कानाला हात लावला, पण पोरगी कामाची निघाली. आल्या आल्या तिनं निळा प्लॅस्टिकचा ड्रम मागं न्यायला लावला. मग फ्रिजचं कव्हर, टीव्हीवरची फुलं, आठ कॅलेंडरं, आणि भिंतीवरचे आमचे सगळ्यांचे फोटो.

"फोटो कशाला गं?" मी विचारलं.

"काकू, बायरला इथं स्वतःची फॅमिली दिसली पाहिजे. तुमची नाही."

मला पटलं. माझ्या सासूबाईंना, गंगूबाईंना, नाही पटलं. "आमी काय मेलो हाय व्हय?" म्हणाल्या आणि सासऱ्यांचा फोटो पदराखाली घेऊन बसल्या. सुकटीचा डबा शेजारी लीलाकाकूंकडे गेला. रविवारी गिऱ्हाईक यायच्या आधी गवती चहा उकळत ठेवायचा, पण प्यायचा नाही, नुसता वासासाठी. मी म्हटलं ठेवू बाई. फ्लॅटसाठी मी काय वाटेल ते उकळलं असतं.

राहिली ओट्याची दर्शनी भिंत. ती माझ्या डोक्याला कायमचा ताप. दर दिवाळीला चुना लावायचा आणि होळीपर्यंत पोपडे गळायला लागायचे. बाकीच्या भिंती धडधाकट, हीच एक अशी. कासार आंबोलीचा भिकू पेंटर तिच्यावर नख ओढून म्हणाला, "वैनी, खाली ऑइलपेंट हाय. त्याच्यावर चुना धरत न्हाई. समदं खरवडतो आन् पुट्टी मारतो. आरशावानी करून देतो."

गुरुवारी सकाळी त्यानं खरवडायला घेतलं. मी आत चिंच लावून तांब्याचा हंडा घासत होते, कारण सायलीला तो दाराशी पाहिजे होता. तासाभरानं भिकूची हाक आली.

"वैनी, जरा भाईर या."

आमच्याकडं लग्न निघालं की घराच्या दर्शनी भिंतीवर रंगाऱ्याकडून नावं काढून घेतात. वर गणपती, दोन्ही बाजूंना केळीचे खांब, मधे चि. अमुक आणि चि. सौ. कां. तमुक, खाली तारीख. पुढं वर्षानुवर्षं ती भिंत कुणी पुसत नाही. माझ्या लग्नात मात्र आमची भिंत कोरी होती. रंगारी आजारी पडला, असं मला सांगितलं होतं. मला वाईट वाटलं होतं, पण नवी नवरी काय बोलणार.

भिकूनं खरवडलं तिथं केळीचा खांब दिसत होता. त्याच्या शेजारी लाल अक्षरात 'चि. सोपान'. आणि काय सांगू, मला आनंद झाला. म्हटलं, म्हणजे रंगारी आला होता की, मी यायच्या आधीच कुणी वरून चुना मारला असेल, उगाच एवढी वर्षं मनात ठेवलं. मी ओल्या हातानंच पुढचा पोपडा काढला. खाली माझं नाव असणार म्हणून काढला.

खाली होतं 'चि. सौ. कां. रत्ना'.

मी दोनदा वाचलं. मग तारीख वाचली. ६ मे २००१. माझं लग्न १४ डिसेंबर २००३ चं. मी बोटांवर मोजलं, जसं काही मोजण्यात चूक निघेल. हातातली चिंच अजून हातातच होती. भिकू खाली बघत खरवडायची पट्टी पुसत राहिला. त्याला वाचता येत होतं.

तेवढ्यात सोपान गोठ्याकडून आला. त्यानं भिंत बघितली. माझ्याकडं बघितलंच नाही. भिकूला म्हणाला, "मार पुट्टी."

"भिंतीला हात लावायचा नाही," मी म्हटलं. "अहो, ही रत्ना कोण?"

"जुनी गोष्ट हाय. कशाला उकरतीस?"

"कोण आहे?"

"रईवारी गिऱ्हाईक यायचंय, त्याचं बघ आधी," म्हणाला आणि गाडीला किक मारून पिरंगुटच्या दिशेनं निघून गेला.

मी तशीच आत गेले. सासूबाई पावटे सोलत होत्या. मी समोर बसले आणि म्हटलं, "आत्या, रत्ना कोण?"

त्या दचकल्या नाहीत. त्याचं कारण मला तेव्हा कळलं नाही. शेंग सोलता सोलता म्हणाल्या, "आता गं कुटं आटवली ती? पौडाच्या पल्याडची. चार म्हैनं नांदली. ह्यानं तिच्या बापाला सांगितलं व्हतं, कंपनीत पर्मनंट हाय म्हून. न्हवता. रोजावर जायचा, कदी हितं, कदी तितं. एक दिस ती डबा घिऊन कंपनीच्या गेटावर गेली. वॉचमन म्हनला, ह्या नावाचा मानूस आमच्यात न्हाई. तितनंच यष्टीत बसली आन् म्हायेरी गेली. डबा बी परत आला न्हाई. मंग काडीमोड झाली."

"आणि मला एकवीस वर्षं कुणी सांगितलं नाही?"

आता मात्र त्यांचे हात थांबले. "तुला न्हाई ठावं?"

"मला कुठनं ठावं असणार?"

"अगं, सोपान म्हनला ना. बघाय गेला त्याच दिशी तुला समदं सांगितलं म्हून. तू म्हनलीस, झालं गेलं, पर पुन्यांदा माज्याम्होरं त्यो इषय काडायचा न्हाई. म्हून तर घरात कुनी ब्र काडला न्हाई."

बघायच्या दिवशी सोपान माझ्याशी एकच वाक्य बोलला होता. बारावीला किती टक्के पडले, एवढं विचारलं होतं. मी एकसष्ट म्हणाले होते. त्यापलीकडं एक अक्षर नाही.

मी अनवाणीच लीलाकाकूंकडे गेले. मला वाटत होतं, म्हातारीला काहीतरी विसर पडतोय, काकू तरी खरं सांगतील. काकूंनी माझा चेहरा बघितला आणि पाणी दिलं. म्हणाल्या, "आमाला तर वाटलं तुला पहिल्यापासनं म्हाईत हाय. आख्ख्या आळीला तुजं कवतिक हाय, वैशाली. एवढं समजून उमजून नांदली पोरगी, लई मोठ्या मनाची. हळदीकुंकवाला बसलो तरी कुनी पोरगी पयल्या लग्नाचं बोलाय लागली का आमी तिला चिमटा काडायचो. वैशाली बसलीया, गप."

पाणी मी तसंच खाली ठेवलं. म्हणजे मला मान देतात, माझ्याशी जपून बोलतात, ते मला वाटायचं माझ्या स्वभावामुळं. मी आपली त्या कौतिकावर खुशीत. आणि इथं सगळी आळी एका अशा बाईशी वागत होती, जी सोपाननं तोंडानं तयार केली होती. ती सगळं ऐकून घेतलेली, माफ करून टाकलेली. मला तर अजून काही ऐकवलंच नव्हतं, मग माफ कसलं करणार. मी काकूंच्या उंबऱ्यावर बसले आणि हसायलाच लागले. काकू घाबरल्या.

शुक्रवार, शनिवार मी एकच विचारत राहिले. ताट वाढताना, तो गाडी पुसताना, दाढी करताना. "तुमच्या तोंडानं सांगा." तो म्हणायचा, "व्यवहार होऊ दे, मंग निवांत बोलू." खोटं सांगत नाही, मला दुसरं काही नको होतं. त्यानं एकदा माझ्याकडं बघून म्हणावं, की वैशाली, मी तुला फसवलं आणि तुझ्या नावावर आख्ख्या गावाला फसवलं. एवढं म्हणाला असता तर मी सही केली असती, त्याच्याबरोबर फ्लॅटमध्ये गेलेसुद्धा असते. चार दिवस आदळआपट केली असती आणि पाचव्या दिवशी डबा भरून दिला असता. माझं मला माहीत आहे.

शनिवारी दुपारी सायली आली. तोपर्यंत मीच उरलेली भिंत चमच्यानं खरवडून पूर्ण उघडी केली होती. गणपती, दोन्ही खांब, कलश, सगळं.

"काकू, हे कुठं लपवून ठेवलं होतं?"

"मी पण तेच विचारतेय," मी म्हटलं.

"याला हात लावायचा नाही. पुट्टी कॅन्सल. कसलं ऑथेंटिक आहे हे." तिनं माझा घासलेला हंडा उचलून त्या भिंतीखाली ठेवला, त्यात झेंडू सोडला, शेजारी वेताच्या दोन खुर्च्या मांडल्या आणि भराभर फोटो काढले. सायली गेल्यावर सोपान म्हणाला, "एका अर्थी बरंच झालं, पुट्टीचा खर्च वाचला." माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की मी आत जाऊन नळ सोडून उभी राहिले.

रविवारी अकरा वाजता गिऱ्हाईक आलं. इंद्रजित आणि जुईली, दोघंही हिंजवडीत नोकरीला, लग्नाला वर्षही झालेलं नव्हतं. गोड पोरं. जुईली परसात आंब्याला हात लावून आली, चुलीपाशी बसून आली, म्हणाली गवती चहाचा किती छान वास येतोय. इंद्रजितनं टोकन आजच देतो म्हणून फोन बाहेर काढला. सायली मला डोळ्यांनी खुणावत होती की झालं काम.

मग जुईली ओट्यावर आली आणि भिंतीसमोर थांबली. मोठ्यानं वाचायला लागली. "चि. सोपान आणि चि. सौ. कां. रत्ना. काका, हे तुमचं? म्हणजे काकू, तुम्ही रत्ना?"

मी मुद्दाम गप्प राहिले. सासूबाई दारात होत्या, लीलाकाकू कुंपणापाशी. सोपानसमोर मोकळं मैदान होतं. नुसतं "न्हाई" म्हटलं असतं तरी चाललं असतं. पुढचं मी बघितलं असतं. मी त्याच्याकडं बघत होते आणि खरं सांगते, मनातून त्याच्याच बाजूची होते. बोल एकदा, म्हणत होते.

सोपाननं माझ्या खांद्यावर हात ठेवला. चारचौघांत एकवीस वर्षांत पहिल्यांदा.

"व्हय की, ह्यीच," तो हसून म्हणाला. "रत्ना म्हायेरचं नाव. लग्नात आमी वैशाली ठेवलं. लई लाजती, ह्यो इषय काडला का गप व्हती बगा."

एक क्षणही लागला नाही त्याला. कुठं अडखळला नाही, थुंकी गिळली नाही. सासरी नाव बदलतात, त्यामुळं कुणाला शंका यायचं कारणच नाही. जुईली म्हणाली, "किती क्यूट." भिंत उघडी पडली तेव्हा मला वाटलं होतं, यापेक्षा मोठा धक्का आता काय बसणार. पण ते जुनं होतं, तेव्हा मी तिथं नव्हते. हे माझ्या खांद्यावर हात ठेवून, माझ्या कानाशी, माझ्या देखत झालं. मी जिवंत उभी असताना त्यानं माझं नाव काढून घेतलं, आणि त्याला त्यात काही वाटलंही नाही.

"काका-काकू, भिंतीसमोर उभे राहा ना, फोटो काढते," जुईली म्हणाली.

मी सोपानचा हात उचलून खाली ठेवला.

"इंद्रजित, टोकन थांबवा," मी म्हटलं. "माझं नाव वैशाली. माहेरी वैशाली, सासरी वैशाली, घराच्या कागदावर वैशाली. हे म्हणतात मी रत्ना आहे. मग सही पण रत्नाचीच घ्या. मी करणार नाही."

सायलीच्या हातातला फोन तसाच राहिला. इंद्रजित एकदा भिंतीकडं बघे, एकदा आमच्याकडं. सासूबाईंनी दाराची चौकट धरली. सोपान पुन्हा हसायला गेला, पण या वेळी ते हसू ओठांवर आलंच नाही. त्यानं माझ्याकडं बघितलं. चार दिवसांत पहिल्यांदा सरळ बघितलं.

"मग रत्ना कोण?" जुईलीनं हळूच विचारलं.

"त्यांना विचार," मी म्हटलं. गिऱ्हाइकासाठी मांडलेल्या खुर्चीवर मी बसले आणि सगळ्यांबरोबर त्याच्या तोंडाकडं बघत राहिले.