चौथा गिअर

आत्याचा डावा गुडघा वाकत नाही. घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने गोळा करायचं तिचं काम चालतं, ते तिच्या अठरा वर्षांच्या, क्लच नसलेल्या छोट्या गाडीच्या जिवावर. सोमवारपासून ती गाडी मोठ्या रस्त्याला लागली की किंचाळत होती.

"गिअरबॉक्स गेला," मिस्त्रींनी बॉनेटही न उघडता निकाल दिला. "ऑटोमॅटिक म्हणजे पांढरा हत्ती, ताई."

काकांना तेवढंच हवं होतं. "मी तेव्हाच सांगितलं होतं, मॅन्युअल घे. विकून टाक ही."

"आणि क्लच कोण दाबणार? तुझी बायको शेजारी बसून?"

मी हसले, पण आत्याचा चेहरा उतरला होता. गाडी गेली की काम गेलं. बसने फिरून नमुने वेळेत प्रयोगशाळेत पोचत नाहीत.

"आधी एक फेरी मारू," मी म्हटलं. आत्या चालवायला, मी शेजारी वही घेऊन, काका मागे.

ताशी साठला इंजिनाचे फेरे मिनिटाला तीन हजार. ऐंशीला चार हजार. भागून पाहिलं, गुणोत्तर तेच. गिअरबॉक्स घसरत असता तर आकडे असे सरळ आले नसते. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये घट्ट होती, फक्त चौथ्यात जात नव्हती.

"आत्या, हा पिवळा दिवा कधीपासून लागलाय?"

"सोमवारी गाडी पुसली ना, तेव्हापासून. पण त्यावर 'ओडी ऑफ' लिहिलंय. ऑफ आहे म्हणजे बरंच की! बिघडलं असतं तर 'ऑन' म्हणाला असता."

"बरोबर," मागून काका. "मीही वाचलं होतं."

"अहो काका, ओडी म्हणजे ओव्हरड्राइव्ह. म्हणजेच चौथा गिअर! दिवा सांगतोय की तोच बंद आहे."

गिअरच्या दांड्यावर, अंगठा टेकतो तिथे एक बटण होतं. पुसताना दाबलं गेलं असणार. मी ते दाबलं.

टक्. दिवा विझला. काटा चार हजारांवरून अठ्ठावीसशेवर उतरला, आणि गाडी इतकी शांत झाली की मागच्या डब्यातल्या नमुन्यांच्या नळ्यांची किणकिण ऐकू आली.

आत्या मोठ्याने हसली.

"मॅन्युअलला असली बटणंच नसतात," काका पुटपुटले.

"तोंड मिटून बस. गॅरेजवरून जाऊ या."

मिस्त्री दारातच उभे होते. आत्याने वेग कमी केला, काच खाली घेतली.

"मिस्त्री, तुमचा पांढरा हत्ती धावतोय!"

एरवी ती लांबची घरं टाळते. त्या दिवशी सगळ्यात लांबचं घर तिने पहिलं घेतलं.