सही जुळत नाही

मी पवनीच्या दवाखान्यातला सर्व्हर बोलतोय. "सर्व्हर डाऊन आहे" हे वाक्य तुम्ही बँकेत, रेशन दुकानात, सेतू केंद्रात ऐकलंच असेल. माणसांना माझ्या कुळाबद्दल एवढंच ठाऊक असतं. आम्ही धडधाकट असताना आमचं नाव कुणाच्या तोंडी येत नाही. बिघडलो की मात्र सगळा जिल्हा आमच्या नावाने बोटं मोडतो.

मी जन्मजात सर्व्हर नाही. भंडाऱ्याच्या एका आरोग्य संस्थेच्या मुख्यालयात मी साधा कॉम्प्युटर होतो. सात वर्षं इमानेइतबारे केसपेपर छापले. मग चकचकीत नवे कॉम्प्युटर आले आणि मला अडगळीच्या खोलीत, एका तुटक्या व्हीलचेअरच्या मांडीवर बसवण्यात आलं. "निर्लेखनासाठी प्रस्तावित" अशी चिठ्ठी कपाळावर चिकटली. म्हणजे सेवानिवृत्तीच, फक्त शाल-श्रीफळ आणि भाषणं वगळून.

तिथून मला उचललं ते हर्षाताईने. ही पवनीच्या विणकर घरातली मुलगी. संस्थेचे पवनी-लाखांदूर भागात तेवीस दवाखाने आहेत आणि त्या सगळ्यांच्या नेटची देखभाल हिच्या एकटीकडे. पदाचं नाव "सहायक, कंत्राटी". म्हणजे काम सगळं आणि खुर्ची नाही.

प्रत्येक दवाखान्यात नेटचा एक डबा आहे. कुणी छातीत दुखतंय म्हणून आलं की नर्स ईसीजीची पट्टी काढते, ती पट्टी डब्यातून भंडाऱ्याच्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांकडे जाते आणि डॉक्टर सांगतात, घरी पाठवा की अॅम्ब्युलन्स बोलवा. या डब्यांनाही अधूनमधून नवी फाइल लागते, तिला अपडेट म्हणतात. चोराला आत शिरायची एखादी फट सापडली की डबा बनवणारी कंपनी ती फट बुजवून पाठवते, ते हे अपडेट.

अडचण अशी, की तेवीस डब्यांना बाहेरच्या जगाशी जोडणारी केबल एकच, पवनीची. महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी दहाला तेवीस डबे एकदम जागे व्हायचे आणि तेवीस जण तीच फाइल तेवीस वेळा ओढायचे. अशाच एका सोमवारी लाखांदूरच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांची पट्टी चाळीस मिनिटं वाटेतच अडकली. तिथल्या तृप्ती नर्सने डॉक्टरांची वाट न पाहता त्यांना जीपमध्ये घातलं, म्हणून ते वाचले. मुख्यालयाने चौकशी केली. निष्कर्ष एका ओळीचा होता: "नेट स्लो होते, नोंद घेण्यात आली."

हर्षाताई मुख्यालयाच्या आयटी प्रमुखांकडे, भूषण सरांकडे गेली.

"सर, तेवीस डबे एकच फाइल तेवीसदा ओढून राहिले. पवनीले एक सर्व्हर ठेवू. तो एकदाच आणेल, अन् सगळ्यायले तिथूनच वाटेल."

"प्रस्ताव टाक," सर म्हणाले. "बघू."

त्या "बघू"च्या पोटात आठ महिने गेले. शेवटी हर्षाताईने "निर्लेखनासाठी प्रस्तावित" असलेला मीच मागून घेतला. नवीन वस्तू द्यायची नाही म्हटल्यावर मंजुरी दोन दिवसांत आली. तिने माझ्या पोटात नवी डिस्क बसवली, पंखा पुसला आणि मांडीवर घेऊन एसटीने पवनीला आणलं.

उद्घाटनाला मात्र सगळे वेळेवर हजर होते. फीत होती, नारळ होता. "आजपासून पवनी डिजिटल झाली!" असं भूषण सरांनी जाहीर केलं आणि नारळाचं निम्मं पाणी माझ्या कुशीतल्या जाळीत ओतलं. पवनी डिजिटल झाली, मी ओला झालो. हर्षाताईने ओढणीने मला पुसून काढलं.

औषधं वाटणारे नंदलालभाऊ तेवढे उत्सुकतेने जवळ आले. "याच्यात बातम्या लागतात का जी?"

"नाही भाऊ. हे कोठार समजा. एकदा धान भरून ठेवायचे, मंग ज्याले लागन त्याले द्यायचे."

नंदलालभाऊंनी माझ्याभोवती एक चक्कर मारली. "मंग काटा कुठी हाय?"

माझ्याबद्दल आजवर कुणी विचारलेला हा सर्वांत शहाणा प्रश्न. काटा होता, आत होता. प्रत्येक फाइलवर कंपनीची एक गुप्त सही असते. ती जुळली तरच मी फाइल ठेवून घेतो आणि पुढे देतो. नाही जुळली, तर साक्षात संस्थेचे अध्यक्ष आले तरी देत नाही. हा माझा स्वभाव नाही, हर्षाताईने लावलेली शिस्त आहे. पण वागता वागता तीच स्वभाव होऊन जाते.

एक वर्ष छान गेलं. दुपारी एक ते चार दवाखाने बंद असतात, तेव्हा मी दोन-दोन डब्यांना बोलावून फाइल द्यायचो. एकही पट्टी अडकली नाही, एकही तक्रार आली नाही. त्यामुळे वार्षिक अहवालात माझ्याबद्दल लिहिलं गेलं, "सदर सर्व्हरचा विशेष उपयोग दिसून आला नाही."

मग मे महिना आला. भंडारा जिल्ह्यातला मे तुम्ही पाहिला असेल तर पुढचं सांगायला नको. दवाखान्यात कूलर आला, त्याला जागा हवी होती आणि माझा प्लग अगदी सोयीच्या बोर्डात होता. नंदलालभाऊंनी तो काढला. वाईट हेतूने नव्हे. "दिवसभर नुसता घुंघुं करते, काम त काही दिसत नाही," एवढंच त्यांचं निरीक्षण. वार्षिक अहवालाशी ते तंतोतंत जुळत होतं.

एकोणीस दिवस मी बंद होतो; त्या काळातलं जे सांगतो ते नंतर कानावर आलेलं. त्याच एकोणीस दिवसांत भूषण सरांनी मासिक अहवाल पाठवला, "अपडेट व्यवस्था सुरळीत."

आणि नेमकी तेव्हाच बातमी आली, की आमच्या जातीच्या डब्यांत मोठी फट सापडली आहे. परराज्यातल्या काही दवाखान्यांचे डबे चोरांनी ताब्यातही घेतले होते. कंपनीने फाइल काढली, अध्यक्षांनी हुकूम काढला, शुक्रवार संध्याकाळपर्यंत तेवीसही डबे झाले पाहिजेत.

बुधवारी हर्षाताई पवनीला आली. माझ्याकडे पाहिलं, मग कूलरकडे, मग नंदलालभाऊंकडे.

"भाऊ, हा बंद काहून हाय?"

"गरमी किती होऊन राहिली ताई! पेशंटले घाम येते."

"अन् लाखांदूरच्या पेशंटची पट्टी नाही गेली त? तवा कूलर कामी येईन का?"

नंदलालभाऊंना ते लागलं. दुपारी ते स्वतः बाजारातून लांब वायर घेऊन आले, कूलर दुसऱ्या खोलीच्या बोर्डाला जोडला आणि औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून माझ्यावर लावला: "याले कोनी हात लावू नये."

मी जागा झालो खरा, पण त्याच दुपारी रस्त्याच्या कामावरच्या जेसीबीने आमची केबल तोडली. आता बाहेरून फाइल आणायची कशी?

गुरुवारी सकाळी भूषण सर स्वतः गाडीने आले. चेहऱ्यावर दिग्विजय, हातात पेन ड्राइव्ह.

"घे. फाइल आणली."

"कंपनीच्या साइटवरून, सर?"

"कंपनीवाले लॉगिन मागतात. पासवर्ड कोणाले आठवते? दुसऱ्या साइटवर फुकट होती. मुख्यालयाचा डबा सकाळीच केला मी. मस्त चालून राहिला."

हर्षाताईने पेन ड्राइव्ह मला लावला. मी फाइल पाहिली. नाव बरोबर, आकार जवळपास बरोबर, वरचं चित्रसुद्धा बरोबर. आणि सही? पडद्यावर मी लिहिलं, "सही जुळत नाही. फाइल नाकारली."

सरांनी पेन ड्राइव्ह काढला, फुंकला आणि पुन्हा लावला. फुंकून सही बदलते असा त्यांचा विश्वास असावा. मी पुन्हा नाकारली. तिसऱ्यांदाही.

"भंगार मशीन! हर्षा, हे सही तपासणं बंद कर."

"सर, ही फाइल कोणी बनवली ते आपल्याले माहीत नाही."

"उद्या शुक्रवार हाय. अध्यक्षांले मी काय सांगू? अन् तुझं कंत्राट जूनमधे माझ्याच टेबलावर येते, हे ध्यानात हाय न?"

हर्षाताईच्या घरी तिच्या पगारावर भावाचं कॉलेज चाललं होतं. तिचा हात माऊसवर होता. दोन क्लिकमध्ये ती मला आंधळा करू शकत होती आणि मग मी निमूटपणे ते विष तेवीस घरी पोचवलं असतं, तेही वेळेत.

तिने हात काढून घेतला. "ध्यानात हाय सर. तुम्ही लेखी द्या, सही तपासू नये म्हणून. मी आत्ता बंद करते."

"लेखी कायले? तोंडी सांगून राहिलो न!"

"मशीनले तोंडी समजत नाही, सर."

नंदलालभाऊंनी तत्परतेने कोरा कागद आणून समोर ठेवला. सरांनी पेन उघडलं, कागदाकडे पाहिलं, पेन बंद केलं. "उद्या काम झालं नाही तर जबाबदारी तुझी," एवढं बोलून ते गाडीत जाऊन बसले. तेवीस दवाखान्यांचा धोका पत्करायला तयार असलेला माणूस एका सहीला घाबरला.

शुक्रवारी अकराला केबल जोडली गेली. कंपनीचं लॉगिन हर्षाताईने माझ्यात आधीच भरून ठेवलं होतं; मी कंपनीकडून खरी फाइल आणली, एकदाच. सही जुळली. एक वाजता दवाखाने बंद झाले आणि आम्ही दोन-दोन डबे घ्यायला लागलो. अडीचला लाखांदूरचा नंबर लागणार, तोच तृप्ती नर्सचा फोन आला.

"ताई, आमच्या डब्याचं अपडेट थांबव! बायजाबाई आली, उन्हाळी धान कापता कापता छातीत दुखलं. पट्टी पाठवून राहिली मी."

हर्षाताईने लाखांदूर यादीतून काढून शेवटी टाकलं आणि मला सांगून बाकीचंही वाटप थांबवलं. पट्टी मिनिटभरात भंडाऱ्याला पोचली. डॉक्टर म्हणाले, एक क्षण घालवू नका. बायजाबाईंना घेऊन अॅम्ब्युलन्स निघाल्याचं कळल्यावर हर्षाताई पाणी प्यायली आणि मगच आम्ही पुढचा डबा घेतला. पावणेसहाला तेविसावा झाला, लाखांदूरचा. बायजाबाई वाचल्या.

शनिवारी मुख्यालयाचा डबा, तो फुकट फाइलवाला, भूषण सरांचं ऐकेनासा झाला. तो भलत्याच कुणाचं ऐकू लागला होता. चार दिवस जिल्ह्यात सगळीकडे नेट होतं, फक्त मुख्यालयात नव्हतं. मंगळवारी हर्षाताईने जाऊन तो दुरुस्त केला.

पुढच्या महिन्यात कार्यक्रम झाला. "मुदतीत अपडेट पूर्ण केल्याबद्दल" भूषण सरांना प्रमाणपत्र मिळालं. त्यांनी भाषणात "टीम" हा शब्द दोनदा वापरला. हर्षाताईचं कंत्राट जूनमध्ये त्यांच्या टेबलावर गेलं आणि काही न बोलता सही होऊन परत आलं. मुख्यालयाचा डबा पुन्हा कधी बिघडेल, हे सांगता येत नाही ना!

आता माझी डिस्क टकटक वाजते. आज सकाळी शेजारी नवा सर्व्हर येऊन बसला. कोवळा आहे, अंगावर अजून प्लॅस्टिक आहे. माझ्याजवळचं सगळं मी त्याला दिलं. त्याने प्रत्येक फाइलची सही तपासून घेतली, माझ्यावरसुद्धा विश्वास ठेवला नाही. बरं वाटलं.

तुम्हा माणसांना जाता जाता एवढंच सांगतो. यंत्र अडून बसलं की ते बिघडलंय असं तुम्ही लगेच ठरवता, आणि हो ला हो करणारं यंत्र तुम्हाला फार आवडतं. माणसांच्या बाबतीतही तुमची निवड तीच असते, असं पाहण्यात आलं आहे. एखाद्या वेळी नकार देणाऱ्याला निदान "का" एवढं तरी विचारत जा.

हर्षाताई समोर बसली आहे. पडद्यावर प्रश्न आहे, "नक्की बंद करायचं?" तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. पाठ गरम आहे.

"थंडा होऊ दे थोडा," ती नंदलालभाऊंना म्हणाली.

बाहेर तिची एसटी हॉर्न देते आहे. पुढची दीड तासाने. तिने खिडकीतून एकदा पाहिलं आणि खुर्ची आणखी जवळ ओढली.