कोंपाद्रेसाठी बिनदारूचा पेला

उजाडायच्या आत कुकोच्या गोठ्यावर गावातले पुरुष मातीचे पेले घेऊन जमायचे. पेल्यात साखर, चॉकलेटची पूड आणि उसाची कडक दारू घालायची, पेला थेट गाईच्या सडाखाली धरायचा, आणि फेस काठापर्यंत आला की पाहारेते नावाच्या पेयाचा पेला तयार. तो रिचवून माणसं कामाला लागायची. कुकोला आपल्या गाईंचा भारी तोरा. त्यांच्याबद्दल बोलायला लागला की ऐकणाऱ्याची सुटका नसे.

निकांद्रो त्याचा कोंपाद्रे. कुकोच्या मुलीला बाप्तिस्म्याला त्यानंच हातात धरलं होतं, आणि हे नातं इकडे सख्ख्या भावापेक्षा जड. कोंपाद्रेनं पुढे केलेला पेला कुणी परत करत नाही.

या निकांद्रोला संधिवात जडला. म्हातारपणाचा साधा नव्हे. शरीर आपल्याच सांध्यांवर उलटतं, तो. घोड्याचा लगाम धरायलाही बोटं वळेनात, तेव्हा शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या आणि इंजेक्शनं सुरू केली. बोटं वळू लागली. निकांद्रो खुशीत गोठ्यावर आला, पण दारूची बाटली पुढे येताच त्यानं पेल्यावर हात ठेवला.

"दारू नको, कोंपाद्रे. या गोळ्यांवर दारू घेतली तर लिव्हर खराब होतं म्हणे."

कुकोनं गोठा डोक्यावर घेतला. "ऐकलंत का रे? आमच्या कोंपाद्रेला आता बाटलीनं पाजायचं! दुपटं आणा कुणीतरी!"

सगळे पोट धरून हसले. निकांद्रोही हसला, पण त्याचे कान लाल झाले. पुढे आणखी काही सांगायला त्यानं तोंड उघडलं होतं. कुकोनं ते पाहिलं आणि तिकडे काणाडोळा केला.

"घ्या, तुमच्यापुरता बिनदारूचा. नुसतं दूध. तान्ह्या पोरांना चालतं, तुम्हाला का नाही चालणार?"

निकांद्रोनं पेल्याकडे क्षणभर पाहिलं आणि पिऊन टाकला. त्यानंतर रोज कुको त्याचा पेला स्वतः भरायचा. आपण कोंपाद्रेची केवढी काळजी घेतो, असं त्याला मनापासून वाटायचं.

काही आठवड्यांनी निकांद्रो येईनासा झाला. त्याची बायको ओब्दुलिया रस्त्यात भेटली तेव्हा रडकुंडीला आली होती. रोज संध्याकाळी ताप चढतो, घामानं चादर भिजते, कंबर धरते; पण डॉक्टरकडे जायचं नाव काढत नाहीत. ताप कळला तर बाई इंजेक्शन बंद करतील, बोटं पुन्हा आखडतील, ही धास्ती. शेवटी तिनंच त्याला इस्पितळात नेलं.

कुको दुसऱ्या दिवशी भेटायला गेला. रिकाम्या हातानं कसं जायचं? सगळ्यात चांगल्या गाईचं दूध बाटलीत भरून घेतलं. दाराशी पोचला, तेव्हा डॉक्टरीणबाई खाटेजवळ उभ्या होत्या.

"निकांद्रो, नीट आठवून सांगा. या इंजेक्शननं रोगाशी लढायची ताकद कमी होते, हे मी बजावलं होतं. न उकळलेलं दूध नको, ताजं चीज नको, ताप आला की इंजेक्शन न घेता थेट इकडे या. कच्चं दूध प्यालात का?"

निकांद्रोची नजर दारातल्या कुकोवर गेली. मग त्यानं तोंड भिंतीकडे वळवलं.

"नाही, बाई."

कुकोनं बाटली पाठीमागे लपवली. लपवली, आणि आपण लपवतोय हे कळताच त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हो म्हणावं तर गाई तपासतील, गोठा बंद होईल, गावात नाचक्की. गप्प बसावं तर कोंपाद्रेवर भलत्याच रोगाचे उपचार होतील. शेवटी तो पुढे झाला आणि बाटली टेबलावर ठेवली.

"रोज पीत होते, बाई. माझ्याच गाईचं. सडाखालचं. मी पाजलं."

बाईंनी बाटलीला हात लावला. ती अजून कोमट होती. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. कच्च्या दुधातून होणाऱ्या माल्टा तापाची तपासणी लगेच करा, असं त्यांनी नर्सला सांगितलं, आणि कुकोला म्हणाल्या, "गाईही तपासून घ्या. आणि तुमच्याकडे पिणारी सगळी माणसं."

त्या गेल्यावर कुको खाटेच्या कडेला टेकला. मान वर होईना.

"दारूचं सांगितलंत, मग दुधाचं का नाही सांगितलं, कोंपाद्रे?"

"तुम्ही मला हसलात, ते चाललं," भिंतीकडेच पाहत निकांद्रो म्हणाला. "गाईंना नावं ठेवली असती, तर तुमच्या जिव्हारी लागलं असतं."

कुको रडला. इस्पितळात, चारचौघांत, तोंडावर टोपी धरून रडला.

दुसऱ्या दिवशी पेले घेऊन माणसं आली, तेव्हा तो फाटकातच उभा होता. "आज दूध नाही. कोंपाद्रे माझ्या दुधानं आजारी पडलेत. तुम्ही सगळे रक्त तपासून घ्या."

त्यांना ती थट्टा वाटली. मागून कुणीतरी ओरडलं, "काय कुको, आता आम्हालाही बाटलीनं पाजणार का?"

सगळे पोट धरून हसले. कुकोचे कान लाल झाले. हशा ओसरेपर्यंत तो तसाच उभा राहिला, आणि मग पहिल्यापासून पुन्हा सांगू लागला.