बेचाळीस पॉइंट तीन

“आजोबा, काडतुसांत दारू तुम्ही डोळे मिटून भरता का हो?”

शेडच्या दाराआड जोलीन आणि ब्रिना तोंड दाबून हसत होत्या. पैज त्यांचीच. सकाळी सरावात, पाचशे यार्डांवर, डिलेनीच्या दहा गोळ्या अशा विखुरल्या होत्या की ब्रिना म्हणाली, “अगं, ही नेमबाजी की कोंबड्यांना दाणे टाकणं? विचार तुझ्या आजोबांना! आहे हिंमत?”

हिंमत? यंदा ती डिलेनीकडे पोत्यानं होती. मोंटानाच्या राज्य स्पर्धेसाठी निवड झालेली अख्ख्या शाळेत ती एकटी!

आजोबा खेकसतील असं तिला वाटलं होतं. चाळीस वर्षं याच बाकावर, तराजूच्या काट्याला वारा लागू नये म्हणून पंखा बंद ठेवून, एकेक काडतूस भरणारा माणूस. दाणाभर इकडचं तिकडे झालं तर पुन्हा तोलणारा. पण ते एवढंच म्हणाले, “मैत्रिणींना घरी पाठव, पोरी.”

त्या गेल्यावर डिलेनीनं उरलेली काडतुसं ठोकून उघडली, आतली दारू परत तोलली. एकेचाळीस पॉइंट सहा ग्रेन. त्रेचाळीस पॉइंट एक. डबीवरच्या कागदावर मात्र आजोबांच्या ठसठशीत अक्षरात, वीसच्या वीस ओळींत, एकच आकडा होता: ४२.३.

“काटा दिसत नाही मला,” आजोबा म्हणाले. “हिवाळ्यापासून. वाटायचं, हाताला कळतंय की.”

“मग आकडा कशाला लिहिलात?”

“दुसरा कुठला लिहू? तोच असायला हवा होता.”

बाकावर दारूचे दाणे मुंग्यांसारखे सांडले होते. त्यांना ते दिसतच नव्हते. डिलेनीनं हळूच तळव्यानं पुसून घेतले.

“तुझ्या बापाला सांगू नकोस. कुलूप ठोकेल. मग मी काय, खिडकीत बसून गाई मोजू?”

ती हसली, आणि हसता हसता थांबली. एखाद्या काडतुसात आणखी जास्त दारू पडली असती तर रायफल तिच्या गालापाशीच फुटली असती. हे तिला शिकवलं होतं तेही आजोबांनीच.

जेवताना बाबांनी विचारलं, “काय चॅम्पियन, सराव कसा झाला?”

आजोबांचा चमचा रश्श्यातच थांबला. डिलेनीला त्यांच्याकडे बघवेना.

“आई, बाबा, मी ठरवलंय. आजोबांना काटा दिसत नाही. आजपासून ते काडतुसं भरणार नाहीत, मी भरणार.”

आजोबांची खुर्ची मागे सरकली. पण ती थांबली नाही.

“ते माझ्या शेजारी बसणार, आणि माझं चुकलं की ओरडणार. शेडला कुलूप लावलंत ना बाबा, तर मी स्पर्धेलाच जाणार नाही.”